एचटीएलव्ही-१ वर एचआयव्हीच्या गोळ्या चालतील का?

मामांचा रिपोर्ट एचटीएलव्ही-१ (एचआयव्हीच्याच कुळातला एक विषाणू) पॉझिटिव्ह आलाय, एआरटी म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या सुरू कराव्यात का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. इंदूरला लॅबमध्ये काम करताना पाहतो, रामबागेतली शिकलेली मंडळीही ‘रेट्रोव्हायरस’ (हेच ते कुळ) ऐकलं की एड्सच समजतात!

दोन्ही विषाणू टी-पेशींत (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींत) शिरतात, पण एचआयव्ही त्या मारतो आणि सतत नव्या प्रती काढतो. प्रती रोखणारी औषधं म्हणून त्याला लागू पडतात. १९८० साली, एचआयव्हीच्याही आधी सापडलेला एचटीएलव्ही-१ मात्र पेशीच्या डीएनएत ठाण मांडून ती पेशीच वाढवत नेतो. पेशी दुभंगली की विषाणूची प्रत आपोआप तयार. मग गोळी अडवणार तरी काय? त्यावर मान्यताप्राप्त अँटीव्हायरल अजून नाही. त्यातून होणाऱ्या टी-पेशींच्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) काही प्रकारांत झिडोव्हुडिन आणि इंटरफेरॉन ही औषधं एकत्र देतात, तेवढंच.

बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. आधी वेस्टर्न ब्लॉट किंवा पीसीआर चाचणीने खात्री करून घ्या, एलायझा ही प्राथमिक रक्तचाचणी कधीकधी चुकते. मामांनी रक्तदान टाळावं, कंडोम वापरावा. मामींचीही तपासणी करा; पाय जड वाटणं, लघवीचा त्रास असं काही दिसलं तर न्यूरॉलॉजिस्ट.