कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत चार्टर हायस्कूलच्या (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळेच्या) वर्गात किती मुलं असतात? आपली, म्हणजे भारतीय, मुलं असतात का?

‘एका शिक्षकामागे १८ मुलं’ असं शाळेनं छापलेलं असलं, तर त्यावर जाऊ नका. त्यात विशेष शिक्षणाचे शिक्षकही धरतात. माझ्या लेकीच्या नववीच्या अल्जेब्राच्या तुकडीत ३४ मुलं होती. बारावीला कॅल्क्युलसला १७. मी खूश झालो होतो. मग हिशेब लागला. नववीचा पट सव्वाशे, बारावीचा ऐंशी. मुलं गळत गेली आणि वरच्या वर्गांतल्या रिकाम्या जागा शाळेनं भरल्याच नाहीत. गळालेल्यांत लेकीची जिवलग मैत्रीण होती. घरी दोन धाकटी भावंडं सांभाळायची, गृहपाठ राहायचा, शेवटी जवळच्या साध्या पब्लिक शाळेत गेली. लेक आठवडाभर नीट जेवली नाही. लहान वर्ग हवा म्हणून आम्ही ती शाळा निवडली, आणि वर्ग लहान झाला तो असा.

कॅलिफोर्नियात प्रत्येक शाळेचं ‘स्कूल अकाउंटेबिलिटी रिपोर्ट कार्ड’ दरवर्षी निघतं. त्यात इयत्तावार पट असतो. विषयवार २२ पर्यंतच्या, २३ ते ३२ च्या आणि ३३ किंवा जास्त मुलांच्या तुकड्या किती, तेही असतं. नववी आणि बारावीचा पट शेजारी ठेवून वाचा.

आपली मुलं? पूर्व सॅन होजेतल्या चार्टर शाळांत बहुतेक मुलं लॅटिनो घरांतली, काही व्हिएतनामी. ‘एशियन’च्या रकान्यात चिनी, व्हिएतनामी आणि आपण सगळे एकत्र, त्यावरून आपली किती ते कळत नाही. आणि कळून करायचंय काय? आमचे साडू जवळच्याच फ्रीमाँट शहरातले. दर गणपतीला एकच, ‘पटावर आपली पोरं नाहीत, तिथे मुलीला कशाला घातलीत?’ केमिस्ट्रीच्या परीक्षेआधी रात्री अकरापर्यंत आमच्या स्वयंपाकघरात चार मुलं बसायची, त्यांत मराठी एक. चौघंही उत्तम पास झाली.

हा अनुभव एका शाळेचा, हेही सांगतो. गळतीला शाळाच जबाबदार असते असं नाही, इथलं घरभाडं न परवडल्यामुळेही कुटुंबं गाव सोडतात. शिवाय जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत निघते, तेव्हा दुसरी शाळाही बघून ठेवा.

साडूंच्या मुलाच्या वर्गात निम्मी मुलं आपली होती. कॉलेजच्या शिफारसपत्रासाठी तो शिक्षकांकडे गेला, तर त्यांना त्याचं नाव आठवेना. लेकीला तिच्या इंग्रजीच्या बाईंनी स्वतःहून बोलावून विचारलं, ‘तुझं पत्र मी लिहू का?’