पहिला क्रॉस घेण्याआधी

मित्रा, जुनी जर्मन लष्करी पदकं जमवायची म्हणतोस, तर सुरुवात नाझी काळातल्या वस्तूंनी करू नकोस. नकलांचा सुळसुळाट तिथेच जास्त, शिवाय जर्मनीत स्वस्तिकाच्या जाहीर प्रदर्शनावर कायद्याने बंदी आहे. त्यापेक्षा १९१४ चा दुसऱ्या वर्गाचा आयर्न क्रॉस, म्हणजे पहिल्या महायुद्धातलं क्रॉसच्या आकाराचं जर्मन लष्करी पदक घे. तो लाखोंनी वाटला गेला, म्हणून अजून परवडतो.

हातात आला की आधी कडा बघ. अस्सल क्रॉसमध्ये काळा लोखंडी गाभा असतो आणि त्यावर चांदीच्या चौकटीचे दोन भाग डाग देऊन जोडलेले असतात. तो सांधा भिंगातून दिसतो. लोहचुंबक बहुधा चिकटतो, पण तेवढ्यावर भाळू नकोस, नकलेतही लोखंड असतंच. वरच्या कडीवर बनवणाऱ्याचा बारीक शिक्का सापडू शकतो. आणि पॉलिश? चुकूनही नाही! मी एकदा टूथपेस्ट लावून शंभर वर्षांचा काळपटपणा पाच मिनिटांत घालवून बसलो.

पदक मिळवणाऱ्या सैनिकाच्या नावासकट प्रमाणपत्र मिळत असेल तर दोन पैसे जास्त मोज. त्यातही तो सैनिक बव्हेरियाचा, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या राज्याचा असेल तर नशीबच, त्याची नोंद शोधता येते. प्रशिया या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्याच्या सैन्याचे बहुतेक कागद एप्रिल १९४५ मध्ये पॉट्सडॅमवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाले. बव्हेरियाच्या पलटणींच्या नोंदवह्या मात्र म्युनिकच्या अभिलेखागारात शाबूत आहेत.