येशूवर विश्वास आहे, तारण कृपेनेच होतं हेही मान्य आहे. तरी ठाण्यात राहून शनिवारचा शब्बाथ आणि तोराचे (मोशेच्या नियमशास्त्राचे) खाण्याचे नियम पाळले तर चालेल का?

चालेल, फक्त त्यातून तारण 'कमवायला' जाऊ नका. गलतीकरांस पत्र ५:४ मध्ये प्रेषित पौल रागावतो ते नियमशास्त्राने नीतिमान ठरू पाहणाऱ्यांवर. नियम प्रेमाने पाळणाऱ्यांवर नव्हे. तो स्वतः प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये यरुशलेमच्या मंदिरात शुद्धीकरणाचा विधी करतो. दिवस पाळणारा प्रभूसाठी पाळतो, न पाळणाऱ्याला दोष देऊ नका, हे रोमकरांस पत्र १४ मध्ये आहे. म्हणजे डुकराचं मांस सोडलंत तर उत्तम, पण चर्चमधल्या सॉर्पोतेल खाणाऱ्याला कमी विश्वासू समजलात की गाडी घसरली.

यहुदी नसलेल्यांवर सुंतेची सक्ती नाही, हे प्रेषितांची कृत्ये १५ मध्येच ठरलं. त्यांना सांगितलं एवढंच: मूर्तींना अर्पिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म टाळा. (रक्ती आवडत असेल तर इथे पंचाईत आहे.)

एक मात्र लक्षात ठेवा. टेंभी नाक्याजवळचं १८७९ चं शार हशामायिम सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) बेने इस्राएल या इथल्या यहुदी समाजाचं आहे. येशूला मसीहा मानणं यहुदी धर्मात बसत नाही, त्यामुळे तिथे गेलात तर पाहुणे म्हणून, विचारून जा. स्वतःला यहुदी म्हणवू नका.