छोटंच यंत्र घेतलं होतं आम्ही

मी समुपदेशक आहे, आणि समोर बसलेल्या आईवडिलांकडून थोड्याच वेळात तोच प्रश्न येतो. मुलाला हातात धरून खेळायचं हँडहेल्ड द्यावं, टीव्हीला जोडायचा कन्सोल घ्यावा, की सरळ गेमिंगचा पीसी? बहुतेकांनी मनात उत्तर ठरवलेलंही असतं. हँडहेल्ड लहान, म्हणून त्याचा नादही लहान. पीसी मोठा, तो घरात आला की पोरगं हातचं गेलं. हा हिशेब मी इतक्यांदा ऐकला आहे की तो कुठे चुकतो, ते एका घराच्या अनुभवातून सांगावंसं वाटतं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि नऊ-दहा भेटी थोडक्यात आणल्या आहेत.

मुलगा १३ वर्षांचा. आधी त्याच्या खोलीत पीसी होता आणि रोज संध्याकाळी ‘बंद कर’वरून आरडाओरडा. बाबांनी उपाय काढला: सकाळी कामाला निघताना पीसीची पॉवर केबल काढायची आणि बॅगेत टाकायची. तशीच केबल घरातल्या प्रिंटरला लागते, हे मुलाला दोन दिवसांत कळलं. मग पीसी माळ्यावर गेला आणि तडजोड म्हणून निन्टेन्डो स्विच आला, हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायचं हँडहेल्ड. तीन महिन्यांनी शाळेतून निरोप आला की मुलगा पहिल्या तासाला बाकावर डोकं ठेवून झोपतो.

“मॅडम, छोटंच यंत्र घेतलं होतं हो आम्ही,” आई म्हणाल्या. आवाजात तक्रारीपेक्षा फसवणूक झाल्याची भावना जास्त होती.

मुलगा गप्प. त्याला एवढंच विचारलं, “तू काय काय खेळतोस?” दोन गेम होते. एक ऑनलाइन डावांचा, शेवटपर्यंत टिकून राहायचं अशा प्रकारचा. दुसरा एकट्याने खेळायचा, नकाशावर फिरून एकेक जागा उलगडायचा. दोन्ही त्याच स्विचवर. पहिला तो संध्याकाळी हॉलमधल्या टीव्हीला जोडून खेळायचा, दुसरा रात्री पांघरुणात.

आईंना मी एक वही ठेवायला सांगितली. तास मोजायचे नाहीत. रोज फक्त तीन गोष्टी लिहायच्या: कुठला गेम चालू होता, तुम्ही हाक कधी मारली, तो थांबला कसा. शिवाय स्विचचं पालकांसाठीचं अ‍ॅप त्यांच्या फोनवर घेऊन यंत्राशी जोडायला सांगितलं. यंत्र कधी आणि किती वापरलं जातं, हे त्यात दिसतं. इतके दिवस हे अ‍ॅप त्यांनी घेतलंच नव्हतं. बहुतेक घरांत घेतलेलं नसतं.

आठवड्याने वही आली. सात दिवसांत पाच भांडणं, आणि पाचही डावांच्या गेममधली. दुसऱ्या गेमवर दिवसा जेव्हा जेव्हा हाक मारली, तेव्हा तो बटण दाबून उठला होता. यंत्र तेच, मुलगा तोच, आईही त्याच. मोठ्या यंत्रावर घातलेला आळ इथेच खोटा पडला.

त्याच भेटीत मुलाच्या हातात कागद-पेन्सिल दिली आणि म्हटलं, “तुझा एक डाव मला काढून दाखव.” त्याने एक आडवी रेघ ओढली. सुरुवातीला लिहिलं ‘सामान गोळा करणं’. मधल्या लांब भागात लिहिलं ‘लपणं, पळणं’. शेवटच्या इवल्याशा तुकड्यावर पेन्सिल इतक्या जोरात गिरवली की कागद फाटायला आला. “हे शेवटचे पाच मिनिट. यासाठीच बाकीचे वीस खेळायचे.”

“आणि आई कधी येते?”

त्याने त्या गडद तुकड्याच्या जरा अलीकडे फुली मारली. “अठराव्या मिनिटाला. आई, तू नेहमी अठराव्या मिनिटाला येतेस.”

“मला काय माहीत कितवं मिनिट चालू आहे!” आई उसळून म्हणाल्या.

“विचार ना मग.”

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. अशा वेळी समुपदेशकाला काहीतरी शहाणपणाचं बोलायचा मोह होतो. तो आवरला, याचं मला आजही समाधान आहे. कारण पुढचं वाक्य मुलाने आपणहून टाकलं: “रात्री कुणी येत नाही.”

तेव्हा मला त्या पांघरुणाचा उलगडा झाला. रात्रीचा तो शांत गेम काही मुलाला झपाटून टाकणारा नव्हता. मधेच कुणी तोडणार नाही असा वेळ त्याला हवा होता, आणि तो वेळ घरात रात्री अकरानंतरच शिल्लक होता. हँडहेल्डने ती सोय करून दिली. पीसी पांघरुणात नेता येत नाही.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. ती शिकवते की घटनेपेक्षा तिच्याबद्दलची आपली हट्टी मागणी जास्त छळते. इथे दोन मागण्या समोरासमोर उभ्या होत्या. ‘मी हाक मारली की त्याने त्या क्षणी उठलंच पाहिजे’ आणि ‘मला कुणी कधीच मधे तोडता कामा नये’. दोन्हींतला ‘च’ काढला, तर उरतात त्या रास्त इच्छा, आणि इच्छांमध्ये देवघेव करता येते.

देवघेव अशी ठरली. थांबायचं की नाही हा निर्णय डाव संपताना घ्यायचा नाही, डाव सुरू करण्याआधी घ्यायचा. डाव साधारण २५ मिनिटांचा, म्हणून उठायच्या वेळेला २५ मिनिटांपेक्षा कमी उरली असतील तर नवा डाव लावायचा नाही. त्या वेळात दुसरा गेम खेळावा, कारण तो कुठेही थांबतो. आईंनी हाक मारण्याआधी “कितवं मिनिट?” विचारायचं, आणि सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. रोजच्या मर्यादेचंही गणित बदललं. आधी ६० मिनिटं ठरली होती. त्यात दोन डाव बसतात आणि तिसरा हमखास अर्धवट राहतो, म्हणजे भांडणाची वेळ आपणच पक्की करून ठेवतो. दोन डाव अधिक दहा मिनिटं अशी आम्ही तासाचीच मर्यादा ठेवली, पण ‘तिसरा डाव नाही’ हे शब्द मुलाने स्वतः लिहिले.

अ‍ॅपमध्ये एक गोष्ट नीट पाहावी लागते. वेळ संपल्यावर यंत्र नुसती सूचना दाखवू शकतं किंवा गेम थांबवू शकतं, आणि थांबवण्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. ‘मर्यादा लावली तरी खेळतोच’ ही तक्रार पुष्कळदा इथून येते. पहिले दोन आठवडे मी सूचनेवरच ठेवायला सांगते. मूल सूचना पाहून स्वतः उठायला शिकलं, तर ते शिकणं पुढेही उपयोगी पडतं. सलग तीन-चार दिवस दुर्लक्ष झालं, तर मात्र थांबवण्याचा पर्याय लावावा. आधी सांगून लावावा, गुपचूप नाही. स्विचवर ही मर्यादा संपूर्ण यंत्राला लागते. भावंडं असतील तर धाकट्याने वापरलेला वेळ थोरल्याच्या खात्यातून जातो आणि वेगळंच भांडण उभं राहतं. आणि पिन म्हणून कुणाचीही जन्मतारीख ठेवू नये. मुलांना ती पाठ असते.

रात्रीसाठी बाबांनी चार्जर लपवायचं सुचवलं. केबलचा अनुभव विसरले होते. स्विच यूएसबी-सीने चार्ज होतो, घरात तशी टोकं चार-पाच तरी असतात. आम्ही ठरवलं की साडेनऊला यंत्रच हॉलमधल्या डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या त्याच्या स्टँडमध्ये, झोपेल. जाता-येता एका नजरेत दिसतं: डॉक भरलेला आहे की रिकामा. कुणाच्या खोलीत डोकावायला नको, उशी उचलून पाहायला नको. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि हा एक नियम मी कुठल्याही घरात सैल करत नाही. पांघरुणात खेळण्यात झोपेखेरीज आणखी एक गोष्ट बिघडते. या यंत्रांना हवा आत घ्यायला आणि बाहेर टाकायला फटी असतात. पांघरुणाने त्या झाकल्या की यंत्र तापतं, आणि आत लिथियमची बॅटरी असते. चार्जिंगला लावून उशीखाली ठेवणं तर साफ वर्ज्य.

बदल्यात मुलाला काय मिळालं? संध्याकाळी पाऊण तास, दार लोटून, दुसरा गेम. त्या वेळात कुणी हाक मारायची नाही, पाहुणे आले तरी. आईंना हे सगळ्यात अवघड गेलं.

आता ज्यांचं घेणं अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठी.

हँडहेल्डचा खरा गुण म्हणजे थांबणं. बटण दाबलं की गेम आहे तिथे गोठतो, पुन्हा दाबलं की तिथूनच सुरू. फक्त ऑनलाइन डाव याला अपवाद, कारण यंत्र झोपलं की जोडणी तुटते. दोष असा की ते लपतं, डोळ्यांच्या जवळ धरलं जातं आणि मान खाली जाते. लहान मुलासाठी स्विच लाइट घेताना लक्षात ठेवा की तो टीव्हीला जोडता येत नाही. म्हणजे ‘हॉलमध्ये, सगळ्यांसमोर’ हा पर्यायच घरातून जातो. मला ती बचत महाग वाटते.

स्टीम डेक (२०२२) किंवा आरओजी अ‍ॅलाय (२०२३) यांना खेळणं समजू नका. आकार हँडहेल्डचा, पण आत पूर्ण कॉम्प्युटर आहे. अ‍ॅलायवर विंडोज ११ चालतं, डेकवरही डेस्कटॉप उघडून ब्राउझर वापरता येतो. पीसीला जे नियम लावाल तेच इथे लावा. मूळ स्टीम डेक जवळपास ६७० ग्रॅमचा आहे. आडवं पडून, हात वर धरून तासभर खेळणाऱ्या मुलाचं मनगट दुखलं तर नवल नाही. टेबलावर टेकवून खेळायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

टीव्हीचा कन्सोल मला घरासाठी सगळ्यात सोपा वाटतो, पण टीव्ही हॉलमध्ये असेल तरच. पडदा दूर, आवाज सगळ्यांना ऐकू येतो, आणि दुसऱ्या कुणाला टीव्ही हवा असतो हीच एक नैसर्गिक मर्यादा. प्लेस्टेशन ५ वर मुलाच्या खात्याला वेळ ठरवताना ‘फक्त सूचना’ आणि ‘खात्यातून बाहेर काढणं’ असे दोन पर्याय येतात, ते पाहून निवडा. पण २०२३ पासून प्लेस्टेशन पोर्टल मिळतं. हॉलमधल्या कन्सोलवरचा गेम ते वायफायवरून हातातल्या आठ इंची पडद्यावर आणतं. ते घेतलंत की कन्सोलही पांघरुणात जाऊ शकतो.

पीसीची बदनामी जितकी होते तितकी मला पटत नाही. तो जागचा हलत नाही, पंख्याचा आवाज येतो, आणि स्टीम या पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानात गेल्या दोन आठवड्यांत कुठला गेम किती तास खेळला ते दिसतं. मात्र खेळ चालू असताना पीसी झोपवला तर गेम नीट परत उघडेलच असं नाही, म्हणून ‘आत्ताच्या आत्ता’ उठणं इथे सगळ्यात जड जातं. विंडोजमध्ये वेळेची मर्यादा मुलाच्या खात्याला लागते. त्याच पीसीवर दुसरं मोकळं खातं असेल आणि त्याचा पासवर्ड मुलाला माहीत असेल, तर मर्यादा नुसती नावाला. पीसी अभ्यासाला लागतो हे खरं आहे, पण ‘अभ्यासासाठी’ म्हणून घेऊन गेमिंगवर रोज टोमणे मारू नका. घेताना दोन्ही वापर उघड बोलून ठरवा.

‘व्यसन’ हा शब्द मात्र जपून. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. तिथे पाहतात ते असं: खेळावरचा ताबा सुटणं, इतर सगळ्यांपेक्षा खेळाला अग्रक्रम, नुकसान दिसत असूनही खेळ चालू किंवा वाढता, आणि त्यामुळे शाळा, घर, मैत्री यांत ठळक बिघाड, तोही साधारण १२ महिने. हे चित्र दिसत असेल तर नियमांची वही पुरणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. रोज दोन तास खेळणारं, पण झोपणारं, मित्रांत रमणारं मूल या चित्रात बसत नाही.

त्या घरात चौथ्या आठवड्यात एकदा घसरण झाली. डॉक रात्री रिकामा दिसला. आईंनी दिवा लावला नाही, ओरडल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, “डॉक रिकामा आहे रे.” दोन मिनिटांनी मुलगा बाहेर आला, यंत्र जागेवर ठेवलं आणि झोपायला गेला. वहीत त्या दिवशी एवढंच लिहिलं आहे: ‘११:२०. स्वतः ठेवला.’

पीसी अजून माळ्यावरच आहे. बाबा म्हणतात वार्षिक परीक्षेनंतर उतरवू, मुलगा म्हणतो आत्ता, आणि तो उतरला तर कुठल्या खोलीत ठेवायचा यावर पुढच्या भेटीत बोलायचं आहे.