तो फॉर्म अजून साड्यांखाली आहे

पत्र असं आहे:

‘मावशी, आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले, नोकरीमुळे बेळगावात कॅम्पजवळ भाड्यानं राहतो. मी ३३, हे ३७. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. माझ्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफ्या झाल्या, नळ्यांचा एक्स-रे झाला. आता दवाखान्यात म्हणतात, वेळ घालवू नका, टेस्ट ट्यूब करा. फॉर्मही दिला. उरलेल्या गर्भांचं काय करायचं, असं त्यात विचारलं होतं आणि पुढं चौकटी होत्या: गोठवून ठेवा, संशोधनाला द्या, नष्ट करा. माझा पेन तिथंच थांबला. घरी वाचून आणते म्हणाले. तो फॉर्म कपाटात साड्यांखाली आहे. चर्चची शिकवण मला ठाऊक आहे. पण रोज रात्री घरात रोजरीची प्रार्थना म्हणवून घेणाऱ्या सासूबाईच म्हणतात, “फादरला काय कळतंय पोराबाळांचं? डॉक्टर पण देवानंच दिलेत की.” ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, तुमचा पोप कुठल्या काळात राहतो? नणंदेला याच उपचारानं मुलगा झाला, त्याला बघितलं की मी आणखी गोंधळते. हे काहीच बोलत नाहीत. मी हट्टी आहे का? की आधी करून घ्यावं आणि मग फादरांपुढं पापाची कबुली देऊन कुमसार करावा?’

पोरी,

काउंटरवर मागं रांग असते, पलीकडची बाई ‘इथं, इथं आणि इथं सही’ म्हणत बोट ठेवत जाते. तशा वेळी कोण काय वाचतंय! तू वाचलंस, आणि वाचून हात थांबला. याला मी हट्ट म्हणणार नाही.

टेस्ट ट्यूबला चर्चचा नकार आहे एवढंच आपल्या लोकांना माहीत असतं. का आहे, ते लग्नाआधीच्या कोर्समध्ये कुणी अर्ध्या तासात उरकलेलं असतं. पहिलं टेस्ट ट्यूब बाळ इंग्लंडमध्ये १९७८ च्या जुलैत जन्मलं. त्यावर विचार करून १९८७ साली रोमनं ‘दोनुम विते’, म्हणजे जीवनाचं दान, हा दस्तऐवज काढला. त्यात दोन गोष्टी आहेत. मूल हे दान आहे, त्याच्यावर कुणाचा हक्क नसतो. उलट, आईबापाच्या एकमेकांवरच्या प्रेमातून, त्यांच्या मिलनातून जन्माला येणं हा मुलाचाच हक्क आहे. आणि दुसरी गोष्ट, पहिल्या क्षणापासून त्या जिवाला माणूस म्हणूनच वागवायचं.

आता तुझी चौकट बघ. इंजेक्शनं देऊन एका वेळी बरीच बीजं तयार करतात, त्यातून अनेकदा गरजेपेक्षा जास्त गर्भ होतात. एक-दोन आत सोडतात, बाकीचे गोठवतात. आपल्या देशाचा २०२१ चा कायदा म्हणतो की ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, नंतर संपू द्यायचे किंवा संशोधनाला द्यायचे. म्हणजे ती चौकट नुसती कागदी नव्हती, तुझ्याच लेकरांबद्दल होती, आणि तुझ्या हातानं ते ओळखलं. मैत्रिणींनी पोपच्या काळाबद्दल पुन्हा विचारलं तर त्यांना हे सांग. त्या लगेच पटवून घेणार नाहीत, पण तू नुसतं ‘आमच्यात चालत नाही’ म्हणण्यापेक्षा हे बरं.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. डॉक्टर देवानंच दिलेत, खरं आहे, आणि चर्च डॉक्टरांना नाही म्हणतच नाही. थायरॉईडचं औषध, पीसीओडीचा उपचार, बीज तयार व्हायच्या गोळ्या, बंद नळीचं ऑपरेशन, पिशवीच्या टीबीवरचा कोर्स, हे सगळं करावं. अंगावरची लक्षणं बघून दिवस ओळखायची बिलिंग्ज पद्धतही आहे. कसोटी एवढीच: उपचार नवरा-बायकोच्या मिलनाला मदत करतो, की त्याची जागाच घेतो?

मदत करणारं सगळं तुमचं करून झालंय का? तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्या तपासण्यांची यादी आहे. ह्यांच्या तपासणीचा एक शब्द नाही. सात वर्षांत एकदाही नाही? मला राग आला, तुझ्यावर नाही. आपल्याकडे पाळणा हलला नाही की बाईला टेबलावर झोपवायचं आणि पुरुषानं बाहेर बाकावर पेपर वाचायचा. कितीतरी जोडप्यांत कारण पुरुषाकडे असतं, किंवा दोघांकडे. अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या असल्या तर साध्या ऑपरेशननं फरक पडू शकतो. वीर्याचा नमुना द्यायची पद्धत आपल्या शिकवणीत बसेना म्हणून ते मागं हटत असतील तर तेही समजू शकते. त्यालाही चर्चला मान्य असलेली वाट आहे, फादरांना विचारायला लाजू नका. पण कारण भीतीचं असेल, तर सात वर्षं तो भार तू एकटी वाहते आहेस, आणि हे त्यांना तूच सांगायला हवं.

कुमसाराबद्दल सरळ बोलते. आधी ठरवून करायचं आणि क्षमा पुढची तारीख टाकून ठेवायची, याला पश्चात्ताप म्हणत नाहीत. तुझ्या मनालाही ते पटलेलं नाही, नाहीतर तू लिहिलं नसतंस. मात्र ज्यांनी हे केलंय आणि आज ज्यांना टोचतंय, त्यांच्यासाठी कुमसाराची खिडकी कधीच बंद नसते. हे वाचणाऱ्या एखादीसाठी मुद्दाम लिहिते आहे.

आणि नणंदेचा मुलगा. तो कसा आला यावरून त्याची किंमत एका गुंजेनंही कमी होत नाही. त्याच दस्तऐवजात लिहिलंय की असं मूलही देवाच्या चांगुलपणाचं जिवंत दान म्हणून स्वीकारायचं आणि प्रेमानं वाढवायचं. त्याला उचलून घे, मनात शंका न आणता. नणंदेपुढं शिकवणीचा धडा वाचू नकोस. तिनं विचारलं तर बोल.

मला आपल्या परिशांबद्दल, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या मंडळींबद्दलही बोलायचंय. वेदीवरून ‘नाही’ सांगितलं जातं आणि विषय संपतो. बाप्तिस्म्याच्या जेवणाला, फेस्ताच्या (सणाच्या) मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, ज्या जोडप्याला दर वर्षी ‘यंदा काही?’ म्हणून विचारतात, त्यांच्याजवळ कोण बसतं? एवढं अवघड पाळायला सांगायचं तर सोबतही तेवढीच द्यायला हवी. जुन्या करारातली हन्ना शिलोच्या मंदिरात ओठ हलवत रडत होती, तर एली याजकाला ती प्यायलेली वाटली. पण तिनं समजावून सांगितल्यावर त्यानं ऐकलं आणि आशीर्वाद दिला. तुमच्या फादरांकडेही दोघं मिळून जा, मिस्सा संपल्यावर घाईत नाही, वेळ मागून.

दत्तकाचं तू लिहिलं नाहीस, तरी सांगते. चर्चची धर्मशिक्षा अशा जोडप्यांना ही वाट आवर्जून दाखवते. माझ्या आत्यानं १९८६ साली आठ महिन्यांची मुलगी घरी आणली. तेव्हा ख्रिस्ती माणसांना दत्तकाचा कायदाच नव्हता. १८९० च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं, तेही मूल सज्ञान होईपर्यंत. आत्या शाळेच्या फॉर्मवर ‘आई’ लिहायची, क्लार्क ते खोडून ‘पालक’ करायचा. पुढच्या वर्षी आत्या पुन्हा ‘आई’ लिहायची. दहावीपर्यंत दोघांचं हे चाललं. आज तसं नाही. बाल न्याय कायद्यानं कुठल्याही धर्माच्या जोडप्याला पुरतं दत्तक घेता येतं, मुलाला वारसाहक्कासकट सगळे हक्क मिळतात. २०२२ पासून आदेशही कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी, म्हणजे आपले डीसी, देतात.

फक्त कॉन्व्हेंटमधून किंवा ओळखीच्या नर्सकडून परस्पर मूल आणायचं नाही, तो आता गुन्हा आहे. नोंदणी ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवरच. दोघांच्या वयाची बेरीज ८५ च्या आत असली तर दोन वर्षांखालचं मूल मिळू शकतं. तुमची ७० आहे. पण रांग काही वर्षांची असते, म्हणून मन तयार झालं तर उशीर नको. मन झालं नाही तर दत्तक घेतलंच पाहिजे असंही नाही. मूल ही सांत्वनाची वस्तू नव्हे.

शिकवण पाळायची किंमत असते, ती संस्थांनाही मोजावी लागते. मदर तेरेसांच्या सिस्टरांनी २०१५ साली आपली दत्तक केंद्रं बंद केली, कारण नव्या नियमांप्रमाणे एकट्या किंवा घटस्फोटित व्यक्तीलाही मूल द्यावं लागणार होतं. किती लेकरांना त्यांच्या हातून घर मिळालं असतं, या विचारानं मला वाईट वाटलं. तरी त्यांनी जे मानलं त्याच्याविरुद्ध सही केली नाही, हे मी विसरलेले नाही.

आता तुझं घर. तुमचे हे गप्प आहेत, पण त्यांनी तो फॉर्म पाहिलाय का? मला वाटतं, नाही. तो साड्यांखालून काढ. सासूबाई झोपल्यावर दोघं शेजारी बसा आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचा. त्या ओळीशी आल्यावर तू थांब आणि त्यांना वाचू दे. नंतर ते काय म्हणतील ते मला सांगता येणार नाही. रागावतील, रडतील, कदाचित म्हणतील की मला तरीही हवंय. मग तेही पुरतं ऐकून घे. आणि त्यांच्या तपासणीची वेळ याच आठवड्यात घे, सोबत तू जा, बाहेरच्या बाकावर तू बस.

रिपोर्ट आला की लिही.

तुझी मावशी