वासरं फेब्रुवारीत की मे महिन्यात?

प्रश्न : कॅनडात सस्कॅचेवानमध्ये आमचा मांसल जातींच्या सव्वाशे गाईंचा कळप आहे. गाई फेब्रुवारी-मार्चमध्ये वितात आणि वासरं गारठून दगावतात. हंगाम मे महिन्यात नेला तर ऑक्टोबरच्या विक्रीत फटका बसेल का?

उत्तर : बसेल. दूध पिणारं वासरू दिवसाला साधारण १ किलो वाढतं. अडीच महिने उशिरा जन्मलेलं वासरू ऑक्टोबरात ७०-७५ किलोंनी हलकं भरणार. म्हणून ते तेव्हा विकूच नका, हिवाळाभर सांभाळून पुढे विका. तेवढी वैरण हाताशी नसेल तर हा बदल परवडणार नाही.

वैरण असेल तर मात्र हंगाम जरूर पुढे न्या. कोरड्या, दाट केसांची गाय उणे ८ अंशांपर्यंत सहज तग धरते; केस भिजले की १५ अंशांतच तिला थंडी बाधते. तिकडे एप्रिलअखेरीसही ओला बर्फ पडतो, त्यामुळे १० मेच्या आधी वासरं नकोत. शिवाय जूनच्या कसदार गवतावर गाईचं दूध भरात येतं. फेब्रुवारीत व्यालेल्या गाईचा तोच भर एप्रिलमध्ये, विकतच्या किंवा साठवलेल्या वैरणीवर जातो.

गर्भकाळ सुमारे २८३ दिवसांचा. वळू ३१ जुलैला सोडा आणि ६३ दिवसांनी, म्हणजे तीन माज झाल्यावर, काढून घ्या. खरी अडचण इथेच येते. ऑगस्टनंतर गवत वाळतं, त्यातली प्रथिनं घटतात आणि पहिलारू गाई हडकून माजावर येत नाहीत. त्यांच्यासाठी एक कुरण राखून ठेवा किंवा प्रथिनयुक्त खुराक द्या.

मे महिन्यातही एखादी रात्र गोठवणारी असते. वासराच्या तोंडात बोट घालून पाहा. तोंड गार लागलं आणि ते बोट चोखत नसेल तर लगेच ताप मोजा. ३५ अंशांच्या खाली असेल तर डोकं वर धरून ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात बसवा, खरखरून पुसा आणि कोमट चीक नळीने पाजा. ४० किलोंच्या वासराला १२ तासांत ४ लिटर चीक पोटात जायला हवा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत.

हगवण टाळण्यासाठी व्यालेल्या गाई वासरांसह जागीच ठेवा आणि गाभण गाई दर आठवड्याला नव्या कुरणात हलवा. नेब्रास्काच्या सँडहिल्स भागात ही पद्धत रुळलेली आहे. जुन्या जागेतले जंतू मग नव्या वासरांपर्यंत पोचत नाहीत.