डब्याचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी

प्रश्न : आदरणीय काकू, प्रभूच्या नावात सलाम. माझं वय २३. पेठेतल्या एका मिठाईच्या दुकानात मी काउंटरवर वजन करतो. रिकामा डबा काट्यावर ठेवून त्याचं वजन वजा करणारं ‘टेअर’चं बटण दाबायचं नाही, डब्यासकट वजन धरायचं, असं मालकांनी सांगून ठेवलंय. गिऱ्हाईक बोललंच तर डबा वजा करायचा. आमच्या चर्चच्या मंडळीतला एक मित्र म्हणतो, आपलं तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं झालंय, आपण मोशेच्या नियमशास्त्राखाली नाही, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. शिवाय धन्याची आज्ञा पाळा, असंही पवित्र शास्त्रात आहेच. वडील नाहीत, बहिणीची फी माझ्याच पगारातून जाते. मी काय करू?
– एक तरुण, नाना पेठ

उत्तर : बाळा, सलाम. तुझं पत्र वाचलं आणि आधी फडताळातला गेल्या दिवाळीचा मिठाईचा डबा काढला. त्यात मी दोऱ्याची रिळं ठेवते. ती बाजूला काढून डबा घरातल्या काट्यावर ठेवला. ब्याऐंशी ग्रॅम. काजू कतली हजार रुपये किलो धरली तर पुठ्ठ्याचेच ब्याऐंशी रुपये झाले. असे दिवसाला साठ डबे गेले, तर जवळजवळ पाच किलो पुठ्ठा काजू कतलीच्या भावानं विकला गेला.

‘चोरी करू नको’ ही आठवी आज्ञा तुला पाठ असेल. पण बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात तीच आज्ञा थेट तुझ्या काउंटरवर येते. थैलीत एक मोठं आणि एक लहान अशी दोन वजनं बाळगू नको, असं तिथं सांगितलंय. तुमचा काटा एकच आहे, पण वजनं दोन आहेत. विचारणाऱ्यासाठी एक आणि न विचारणाऱ्यासाठी दुसरं. न विचारणारं कोण असतं, ते तू रोज बघतोस. नातवाचा हात धरून आलेली आजी, पहिल्या पगाराचे पेढे न्यायला आलेला पोरगा, ज्याला काट्यावरचे आकडे नीट दिसत नाहीत तो म्हातारा. फसतात तीच माणसं. ती मला सारखी डोळ्यांसमोर दिसतात.

आता तुझ्या मित्राचं म्हणणं. कृपेनं तारण होतं, हे त्याचं अगदी खरं आहे. पण त्यातून तो जे काढतो ते मला मान्य नाही. माझे वडील स्कॉटिश मिशनच्या मंडळीत वाढले. १६४७ साली तयार झालेली वेस्टमिन्स्टरची लहान प्रश्नोत्तरी, म्हणजे ख्रिस्ती शिकवणीचं प्रश्नोत्तरांचं पुस्तक, त्यांनी आम्हा भावंडांकडून पाठ करून घेतली होती. दहा आज्ञा म्हणायला लागलं की ते मध्येच थांबवायचे. “पहिली आज्ञा नंतर. त्याच्या आधीचं वाक्य म्हण.” ते वाक्य बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे. मिसर देशातून, दास्यगृहातून तुला बाहेर आणणारा मी परमेश्वर तुझा देव आहे, असं देव आधी सांगतो. तांबडा समुद्र ओलांडून झाला, रानात देवानं दिलेला मान्ना खाऊन झाला, आणि मग सीनाय डोंगरावर आज्ञा आल्या. आज्ञा पाळल्या म्हणून इस्राएल सुटला नाही. सुटला होता, म्हणून त्याला आज्ञा मिळाल्या. इफिसकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौलही तेच सांगतो. तारण कृपेनं, कर्मांनी नाही, आणि लगेच पुढच्या ओळीत, आपण चांगल्या कामांसाठी घडवलेले आहोत. तुझा मित्र आधीच्या ओळीवर थांबलाय. त्याला पुढची ओळ वाचायला सांग.

आणि धन्याचं म्हणशील, तर तेही इफिसकरांतच आहे. पण धन्याची चाकरी तोंडदेखली नको, ख्रिस्ताची समजून कर, असं तिथं म्हटलंय. ख्रिस्ताची म्हणून जी चाकरी होऊच शकत नाही, ती धन्याला कशी द्यायची? न्यायसभेपुढं उभं राहून माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे, असं येशूचा शिष्य पेत्र म्हणाला, तेव्हा समोरचे लोक साधेसुधे नव्हते. तुरुंगात घालण्याचा अधिकार त्यांच्या हातात होता.

हे सगळं लिहायला सोपं आहे, म्हणून माझंही सांगते. १९८६ साली मी एका कार्यालयात हिशेबाची कारकून होते. प्रवास सवलत मिळायची. एका सहकाऱ्यानं ट्रॅव्हल्सच्या कोऱ्या पावत्या आणून दिल्या आणि मी माझ्या हातानं त्यावर लिहिलं, पुणे ते कन्याकुमारी, चार माणसं. त्या सुट्टीत आम्ही सासूबाईंकडं नगरला गेलो होतो, एसटीनं. दोन हजार एकशे चाळीस रुपये मिळाले. सगळेच घेतात, असं मी स्वतःला समजावलं. पुढं शब्बाथशाळेच्या मुलांसाठी ड्रॉइंगच्या कागदावर दहा आज्ञा लिहायला बसले. आठव्या आज्ञेपाशी हात थांबला. त्याच पेनानं मी कन्याकुमारी लिहिलं होतं.

सोमवारी साहेबांना जाऊन सांगितलं. पैसे पगारातून हप्त्यानं कापले, एक वेतनवाढ रोखली. ते सोसलं. पण माझ्यामुळं बाकीच्यांचीही बिलं तपासली गेली. मधल्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या टेबलाजवळ कुणी येईना. वर्षभर मी एकटीच जेवले. यजमान काही बोलले नाहीत, पण त्या दिवाळीत घरात नवीन कपडे आले नाहीत आणि धाकटीनं का म्हणून विचारलं, तेव्हा ते उठून गॅलरीत गेले. तुला सगळं सुरळीत होईल, असं मी लिहिणार नाही. माझ्या बाबतीत झालं नव्हतं.

तरी तू हे कर. दुकान उघडायच्या आधी, गिऱ्हाईक नसताना, मालकांशी एकट्यानं बोल. आवाज चढवू नकोस, वचनं ऐकवू नकोस. मला डब्यासकट वजन करायला जमणार नाही, मला पॅकिंगला किंवा कारखान्यात ठेवा, असं सांग. मिठाईच्या वजनात डबा धरायचा नाही, हा वैधमापनाचा नियमच आहे आणि पकडलं गेलं तर दंड त्यांनाच होईल, हेही नम्रपणे सांग. डब्याचा खर्च निघत नसेल तर पाटीवर भाव वाढवून लिहावा. गिऱ्हाइकाला निदान कळेल तरी. ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं आणि तुला काउंटरवरच उभं केलं, तर तू बटण दाब. प्रत्येक डब्याला. नोकरी आधी सोडून मोकळा होऊ नकोस. त्यांनी काढलं तर ती गोष्ट वेगळी. आजपासून दुसरीकडं विचारायला लाग.

आणि बहिणीच्या फीबद्दल तुझ्या मंडळीच्या वडीलजनांना मी इथूनच विचारते. एकमेकांची ओझी वाहा, हीसुद्धा आज्ञाच ना? पोरानं खरेपणा करायचा आणि त्याची किंमत त्याच्या बहिणीनं शाळा सोडून भरायची, आपण मात्र रविवारी दानपेटी फिरवून घरी जायचं, हे मला पटत नाही. पाळकांना भेट. संकोच करू नकोस. हे पत्र हवं तर त्यांना दाखव.

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करते. महिन्यातून दोन रविवार शिफ्ट असते आणि उपासना चुकते. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळण्याची चौथी आज्ञा मोडते का?
– एक भगिनी, वाकड

उत्तर : शब्बाथ माणसासाठी झाला, असं प्रभू स्वतः म्हणाला. शिफ्ट बदलून मागा; नाही मिळाली तर आठवड्यातला दुसरा दिवस राखा आणि त्या दिवशी लॅपटॉप खरोखर बंद ठेवा. संध्याकाळची उपासना कुठं असते, तेही बघा. पण ही आज्ञा अनुवादाच्या पाचव्या अध्यायात पुन्हा एकदा वाचा. तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. तुमच्याकडं धुणंभांड्याला येणाऱ्या ताईंची सुट्टी कोणत्या वारी असते, ते मला पुढच्या पत्रात कळवा.